गोल्फ मैदानावरील शिष्टाचार

गोल्फ खेळताना सहखेळाडू, मागून येणारे गट आणि खुद्द मैदान यांचा मान राखण्यासाठी पाळायचे संकेत. या खेळात खेळाडू मोठ्या परिसरात पांगलेले असतात आणि पंच सहसा जवळ नसतो. फटके ज्याचे त्यानेच मोजायचे, चूक झाली तर दंडही स्वतःच जाहीर करायचा. त्यामुळे सभ्यपणा या खेळाच्या रचनेतच मुरलेला आहे. १७४४ साली एडिनबराजवळच्या लीथ येथे लिहिल्या गेलेल्या १३ नियमांतही, ज्याचा चेंडू होलपासून (चेंडू घालायच्या खड्ड्यापासून) सर्वांत दूर त्याने आधी खेळावे, असा क्रम घालून दिलेला आढळतो.

पहिली काळजी सुरक्षिततेची. पुढचा गट टप्प्याबाहेर गेल्याशिवाय फटका मारायचा नाही, आणि चेंडू कुणाच्या दिशेने जातोय असे वाटताच ‘फोर!’ अशी मोठ्याने हाक द्यायची. ही हाक द्यायला संकोचणे हा गोल्फमधला सर्वांत धोकादायक उद्धटपणा म्हणावा लागेल. दुसरा खेळाडू फटक्याच्या तयारीत असताना बोलणे, हालचाल करणे किंवा त्याच्या नजरेच्या रेषेत उभे राहणे टाळले जाते. मोबाइल आवाज बंद करूनच पिशवीत ठेवतात.

खरी कसोटी लागते ती ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर. इथले गवत अगदी बारीक कापलेले असते आणि चेंडू जमिनीवरून घरंगळत होलकडे जातो, म्हणून दुसऱ्याच्या चेंडूपासून होलपर्यंतच्या रेषेवर पाय देत नाहीत; आपली सावलीही तिथे पडू देत नाहीत. उंचावरून आलेला चेंडू ग्रीनवर आदळला की लहानसा खळगा पडतो. तो बुजवण्यासाठी दोन दातांचे छोटे हत्यार खिशात ठेवतात. दाते खळग्याच्या कडेला खुपसून बाजूचे गवत मध्याकडे ढकलायचे, चहूबाजूंनी असे करून झाले की पटरच्या (ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या काठीच्या) तळाने हलके थोपटायचे. तळची माती वर उचकटणे ही नवख्यांची नेहमीची चूक. त्याने मुळे तुटतात आणि तिथे वाळका डाग पडतो. स्वतःचा खळगा बुजवून झाल्यावर शेजारचा एखादा जुना खळगाही बुजवणारा खेळाडू मैदानाला खरा जवळचा. २०१९पासून नियमांनी बुटांच्या खिळ्यांचे ओरखडेही पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) मारण्यापूर्वी नीट करायची मुभा दिली आहे.

बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, सखल बाजूने उतरतात आणि बाहेर पडताना दंताळ्याने वाळू सारखी करतात. फेअरवेवर (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) फटक्याने उडालेला गवताचा तुकडा परत जागेवर बसवतात किंवा त्या जागी वाळू भरतात.

रेंगाळणे हाही अनादरच मानला जातो. चालू नियमांत एका फटक्यासाठी ४० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये अशी शिफारस आहे. हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत २०१९मध्ये पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणली गेली. मागचा गट वेगाने खेळत असेल तर त्याला पुढे जाऊ देतात.

प्रामाणिकपणाचे सर्वांत ठळक उदाहरण बॉबी जोन्स या अमेरिकी खेळाडूचे. १९२५च्या यूएस ओपनमध्ये उंच गवतात फटक्याची तयारी करताना आपला चेंडू किंचित हलला, असे त्याने स्वतःहून सांगितले. दुसऱ्या कुणीही ते पाहिले नव्हते, तरी त्याने एका फटक्याचा दंड घेतलाच. ७२ होलनंतर (मैदानाच्या एकेका टप्प्यालाही होलच म्हणतात) तो विली मॅकफार्लेनच्या बरोबरीत राहिला आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवण्याच्या जादा खेळात, एका फटक्याने हरला. १९६९मध्ये रायडर कप या अमेरिका व ब्रिटनच्या संघांतील लढतीत, इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेल येथे शेवटच्या होलवर अमेरिकेच्या जॅक निकलसने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा छोटा पट न मारताच मान्य केला, म्हणजे चेंडू होलमध्ये गेला असे धरले. जॅकलिन चुकला असता तर अमेरिकेचा निर्भेळ विजय झाला असता. लढत १६-१६ अशी सुटली. या स्पर्धेतली ती पहिलीच बरोबरी. दिलदारीचे याहून सुंदर उदाहरण या खेळात शोधावे लागेल. २०२१च्या मास्टर्स या अमेरिकेतील स्पर्धेत जपानचा हिदेकी मात्सुयामा जिंकल्यावर त्याचा कॅडी (पिशवी वाहणारा मदतनीस) शोता हायाफुजी याने १८व्या होलवर झेंडा परत रोवला, टोपी काढली आणि मैदानाला वाकून नमस्कार केला.

पूर्वी शिष्टाचाराचे प्रकरण नियमांपासून वेगळे छापले जाई. २०१९च्या पुनर्रचनेत ते नियम १.२ मध्ये सामावले गेले. स्थानिक समितीला स्वतःची आचारसंहिता करून दंड ठरवता येतो आणि गंभीर गैरवर्तनासाठी खेळाडूला बादही करता येते. त्याच वर्षी सौदी अरेबियातील स्पर्धेत ग्रीनची नासधूस केल्याबद्दल सर्जिओ गार्सिया बाद झाला.

भारतात हा खेळ जुना आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९चा, तर मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७चा. आपल्याकडे बहुधा कॅडी सोबत असतो आणि वाळू सारखी करणे, खळगे बुजवणे ही कामे त्याच्यावर सोपवली जातात. तरी जबाबदारी खेळाडूचीच राहते. कॅडीशी आदराने बोलणे, फसलेल्या फटक्याचा राग त्याच्यावर न काढणे आणि फेरी संपल्यावर ठरलेली मजुरी तिथल्या तिथे देणे, हेही या शिष्टाचारातच मोडते. कॉलरचा टी-शर्ट, टोपीचा वापर यांसारखे पोशाखाचे नियम क्लबागणिक वेगळे असतात.