बिल गेट्सने शाळा सोडली नव्हती हो!

"बिल गेट्स पण ड्रॉपआउट, मग हायस्कूल कशाला पूर्ण करायचं" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. अहो, त्याने सोडलं ते हार्वर्ड, १९७५ मध्ये, हायस्कूल तर १९७३ लाच झालेलं आणि कॉम्प्युटरवर हात बसला तोही शाळेतल्याच टर्मिनलवर.

बरं, नुसतं सर्टिफिकेट मिळालं की झालं असंही नाही. अमेरिकेत शाळा सोडलेल्यांना जीईडी परीक्षा देऊन हायस्कूलच्या तोडीचं सर्टिफिकेट मिळतं, पण अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी तपासलं तर कमाईत ही मंडळी जवळपास शाळा सोडलेल्यांच्याच रांगेत. डोकं कमी म्हणून नाही, रोज वेळेवर हजर राहणं, कंटाळवाणं काम चिकाटीने शेवटाला नेणं हे जीईडीच्या पेपरात मोजलंच जात नाही, आणि पहिल्या नोकरीत साहेब आधी तेच बघतो.