‘क्लासिकल पोर्ट्रेट’मधला ‘क्लासिकल’ कुठला?

तैलरंगातल्या व्यक्तिचित्राच्या कार्यशाळांत हल्ली ‘क्लासिकल’ हा शब्द सर्रास वापरला जातो. त्याचा अर्थ साधारण असा धरतात: आधी करड्या किंवा तपकिरी छटांत छायाप्रकाश बसवायचा, तो वाळू द्यायचा, मग वर पारदर्शक रंगाचे पातळ थर चढवत जायचे. युरोपात ही रीत पाचएकशे वर्षांपूर्वीची. मुंबईत नावारूपाला आलेली रीत मात्र वेगळी, आणि दोन्हींना आज एकच नाव पडले आहे.

मुंबईतली कलाशाळा, म्हणजे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १८५७ची. पिळून वापरायची रंगाची ट्यूब १८४१ची, म्हणजे त्याआधीचीच. रंग घोटण्याचा खटाटोप सुटल्यावर थेट, ओल्यावर ओला, म्हणजे आधीचा रंग वाळायच्या आतच त्यावर पुढचा रंग लावणे सोपे झाले होते. सुरुवातीला विद्यार्थी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटत. १९१९च्या सुमारास जिवंत नग्न मॉडेलवरून अभ्यास सुरू झाला, तसा वाद पेटला. ही विलायतेची नक्कल, अशी टीका बंगालमधल्या स्वदेशी शैलीच्या चित्रकारांकडून होत राहिली. टीकेत तथ्य नव्हते असे नाही; पण समोरच्या माणसाच्या सावळ्या कातडीवरचा उजेड पाहून पॅलेटवरच रंग जुळवायची सवय हातांना लागली ती याच वर्गांत. रुंद ब्रशचे मोजके फटकारे, एक-दोन बैठका, चित्र तयार. पुढच्या दोन-तीन दशकांत मुंबईचे पोर्ट्रेट गाजले ते असे.

याला तेव्हा ‘अकॅडमिक’ म्हणत. १९४७नंतर आधुनिकतावाद्यांचा जोर वाढला आणि तोच शब्द हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला. ‘क्लासिकल’ची चलती त्यामुळेच झाली असावी, असे मला वाटते: माल जुना, पाटी नवी. (नावांचा असा घोळ आपल्याकडे नवा नाही. सभागृहात अनावरण होते ते अ‍ॅक्रिलिकचे असले तरी बातमीत ‘तैलचित्र’च छापून येते.)

त्यात अलीकडे युरोप-अमेरिकेतल्या नव्या अटेलिअरांचे (जुन्या पद्धतीने शिकवणाऱ्या खासगी चित्रशाळांचे) व्हिडिओ आले आणि थरांची पद्धत इथल्या विद्यार्थ्यांना घरबसल्या दिसू लागली. अडचण वेळेची. जवसाच्या तेलातला थर वाळायला दिवसेंदिवस लागतात आणि कार्यशाळा असते शनिवार-रविवारची. मग कुणी रंग लवकर वाळवणारे अल्किड माध्यम मिसळून घाई करतो, नाहीतर शिकवणारा सरळ ओल्यावर ओला रंग लावून मोकळा होतो.