२१ दिवसांत सवय लागते, हे खरं नाही

‘कोणतीही गोष्ट २१ दिवस सलग करा, सवय लागलीच म्हणून समजा.’ नव्याने नोकरीला लागलेल्यांच्या कानावर हे हमखास पडतं. मग बाविसाव्या दिवशीही पहाटेचा गजर बंद करून पुन्हा पांघरुणात शिरलेली मुलं स्वतःलाच आळशी ठरवतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण तो आकडा मुळात सवयींचा नाहीच.

मॅक्सवेल मॉल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० च्या आपल्या पुस्तकात लिहिलं. पुढे सांगोवांगी ‘किमान’ गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, वाचन, बचत असं सगळं येऊन बसलं.

सवयी प्रत्यक्ष मोजल्या त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. ९६ जण, १२ आठवडे. प्रत्येकाने एकच गोष्ट निवडायची आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडायची, जसं न्याहारीनंतर काहीतरी करणं. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला हिशेबाने २५४ लागतील असं दिसलं. पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर जमली, व्यायामाला वेळ लागला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही.

म्हणून मंगळवारी ऑफिसातून यायला रात्रीचे दहा वाजले आणि चालायला जाणं राहिलं, तर बुधवारी बूट घालून निघा. मोजणी पुन्हा एकपासून सुरू करू नका.