पाइक्स पीकवर इंजिनाला धाप का लागते

इंजिन हवा ओढतं लिटरने, पण पेट्रोल जळतं ते हवेच्या वजनावर. शर्यतीच्या गाडीचं ट्यूनिंग करणाऱ्याची सगळी धडपड या दोन मापांचा मेळ घालण्याची असते.

अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातली पाइक्स पीकची घाटशर्यत १९१६ पासून चालत आली आहे. सुरुवात सुमारे २,८६० मीटर उंचीवर, शेवट ४,३०० मीटरवर. मधे २० किलोमीटर आणि १५६ वळणं. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात एक घनमीटर हवेचं वजन १.२२५ किलो असतं. शर्यतीच्या आरंभाला ते साधारण ०.९२ आणि माथ्यावर जेमतेम ०.७९ किलो भरतं. सिलिंडर तेवढाच, पण आतला ऑक्सिजन कमी. त्यामुळे ताकद घटणारच.

खरी पंचाईत कार्ब्युरेटरची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाची. हवेचं वजन जितक्या प्रमाणात घटतं, तितक्या प्रमाणात जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) येणारं पेट्रोल घटत नाही. ते घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने घटतं. म्हणजे खाली अचूक बसवलेलं मिश्रण माथ्यावर पोहोचेतो सात-आठ टक्के रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं, आणि स्पार्क प्लगवर काजळी धरते. माथ्यासाठी जेट बारीक करावा, तर खाली मिश्रण लीन होऊन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, पिस्टन तापतो. आजच्या गाड्यांत सेन्सर दाब आणि तापमान मोजून क्षणाक्षणाला इंधन बदलतात, टर्बो जास्त हवा कोंबतो. पण विरळ हवेत तोच दाब गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि त्यालाही मर्यादा आहे.

उंची न बदलताही हे घडतं. तापमान १५ वरून ३५ अंशांवर गेलं, की हवा साडेसहा टक्के हलकी होते. दमट हवा आपल्याला जड वाटते, प्रत्यक्षात ती कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या वाफेचे रेणू ऑक्सिजनची जागा अडवतात. आणखी एक चकवा: हवामान खातं जो दाब जाहीर करतं, तो बहुधा समुद्रसपाटीला जुळवून घेतलेला असतो. इंजिनाला त्याचा उपयोग नाही. म्हणून ट्यूनर ट्रॅकवरच दाब मोजतात.

२०१८ मध्ये फोक्सवॅगनच्या विजेवरच्या गाडीने रोमँ ड्यूमाच्या हाती हा घाट ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांत पार केला. मोटरला ऑक्सिजन लागत नाही. तरीही तिला भलामोठा मागचा पंख द्यावा लागला, कारण विरळ हवा गाडीला रस्त्यावर तितकी दाबून धरत नाही.