ट्रेडमार्कचा अर्ज करण्याआधी: ‘नाव कधीपासून वापरता?’

ट्रेडमार्कचा अर्ज भरून घ्यायला आमच्याकडे येताना पॅन, उद्यम प्रमाणपत्र, लोगो हे बहुतेकजण बरोबर आणतात. काम अडतं ते टीएम-ए या अर्जाच्या फॉर्ममधल्या एका रकान्यावर: हे नाव कधीपासून वापरात आहे?

इथे कारखाना सुरू झाल्याची तारीख चालत नाही. त्या नावाने पहिला माल विकला, ती तारीख हवी. शिवाय शपथपत्र आणि पुरावे जोडावे लागतात. केळी वेफर्स 2016 पासून विकता, पण बिलावर नुसतं ‘वेफर्स, 20 किलो’ असेल, तर अशा बिलांची जाडजूड फाईलही कामाची नाही. पाकिटावरचं नाव बिलावर दिसायला हवं. जुन्या बिलांत ते नसेल, तर पाकीट छापणाऱ्याचं बिल किंवा वर्तमानपत्रातली जाहिरात शोधा. डाळमिलवाल्यांकडे कट्टे छापून घेतल्याची बिलं हमखास असतात, तीच रद्दीत जातात! वर्षाला दोन-तीन चांगले कागद पुरतात.

‘तारीख अंदाजे टाका, नंतर बघू’ असं सांगणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये (सरकारी प्रकाशनात) आला, की विरोध करायला कोणालाही 4 महिने मिळतात आणि विरोधक आधी तीच तारीख धरतो. उलट खरी जुनी तारीख पुराव्यानिशी असेल, तर नंतर आलेला नोंदणीधारकही तुमचा वापर थांबवू शकत नाही. ट्रेडमार्क कायद्याचं कलम 34 त्यासाठीच आहे. कागद अजिबात नसतील, तर ‘वापरणार आहोत’ असा अर्ज करावा. त्याला शपथपत्र लागत नाही, पण जुनेपणाचा दावाही त्या अर्जात राहत नाही.

‘जळगाव केळी’ किंवा ‘नवापूर तूरडाळ’ ही नावं एकट्याच्या मालकीची होत नाहीत, त्यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ती त्या भागातल्या मालाची नावं आहेत. नुसतं ‘खान्देशी मसाला’ही वर्णनात्मक म्हणून अडतं.

सरकारी फी ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गामागे (मालाच्या प्रकारामागे) 4500 रुपये, तीही व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला; इतरांना 9000. वेफर्स वर्ग 29 मध्ये, मसाला 30 मध्ये, म्हणजे दोन्ही हवे असतील, तर दोन वर्गांची फी. अर्ज तपासून ट्रेडमार्क कार्यालयाचा परीक्षण अहवाल ईमेलवर आला, की 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणून अर्जावर ईमेल आम्ही आमचाच देतो. सायबर कॅफेचा ईमेल देऊन अर्ज बुडालेले बरेच येतात. नोंदणी होईपर्यंत नावापुढे टीएम लिहा, गोलातला आर नको.

येण्याआधी पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि सर्वांत जुनी तीन बिलं व्हॉट्सॲपवर पाठवा. ती पाहून तारीख टिकेल की नाही, ते सांगायचे पैसे आम्ही घेत नाही.