हँडबिलाची मागची बाजू

सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत आमच्या लहानपणी रिक्षातून हँडबिलं उधळली जायची. तमाशाचा फड, पाळणे, मौत का कुआँ. गुलाबी-पिवळा पातळ कागद, छपाई एकाच बाजूला. कोऱ्या बाजूवर आम्ही गणितं करायचो आणि उरलेल्या कागदात संध्याकाळी मुरमुरे बांधले जायचे. त्यामुळे यात्रेची जुनी हँडबिलं आज शोधूनही सापडत नाहीत.

नाण्यावर चालणाऱ्या खेळयंत्रांची जुनी जाहिरात-पत्रकं जमवणाऱ्यांचा एक पंथच आहे. त्यांच्याकडचं पत्रक मात्र वेगळ्या जातीचं. ते बहुतेकदा दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं आणि खेळणाऱ्यासाठी नसतंच मुळी. यंत्र विकत घेऊन बारमध्ये, हॉटेलात किंवा स्टेशनवर बसवणाऱ्या धंदेवाल्यासाठी ते छापलं जाई. व्यापारी प्रदर्शनात ते वाटायचं, नाहीतर वितरकाने टपालाने पाठवायचं. सौदा ठरला की कागद फाइलमध्ये, नाहीतर टोपलीत.

या धंद्याला जोर आला तो १९३१ मध्ये, ऐन महामंदीत. शिकागोच्या गॉटलीब कंपनीने ‘बॅफल बॉल’ हा टेबलावर ठेवायचा पिनबॉलचा, म्हणजे उतरत्या फळीवर गोळ्या सोडून गुण मिळवायचा, खेळ साडेसतरा डॉलरला बाजारात आणला. खेळणाऱ्याने एक सेंट टाकायचा आणि गोळ्या सोडायच्या. खिशात फारसं काही नसलेल्या माणसालाही एवढी करमणूक परवडत होती, आणि दुकानदाराचं भांडवल लवकर सुटत होतं. मागणी इतकी वाढली की रेमंड मोलोनी या वितरकाला माल पुरेना. त्याने स्वतःच ‘बॅलीहू’ नावाचा खेळ काढला, त्यावरूनच त्याच्या बॅली कंपनीचं नाव पडलं. स्पर्धा लागली तशी पत्रकंही भडक होत गेली.

पुढच्या बाजूला रंगीत चित्र आणि मोठमोठे दावे. १९७१ च्या ‘कॉम्प्युटर स्पेस’ या व्हिडिओ गेमच्या पत्रकावर तर झिरझिरीत झग्यातली बाई यंत्राला खेटून उभी आहे. गिऱ्हाईक कोण होतं, हे त्यावरून कळतं. पण मला खरी गोडी मागच्या बाजूची. तिथे उंची, रुंदी, वजन आणि सुटे भाग बदलायला किती सोपे, याची माहिती. थोडक्यात, यंत्र दारातून आत जाईल का आणि बिघडलं तर धंदा किती वेळ बंद राहील, याचं उत्तर. चित्र बघून भुलायचं आणि मागचं वाचून पैसे मोजायचे.

पिनबॉलवर जुगाराचा शिक्का होता. न्यूयॉर्क शहरात १९४२ ते १९७६ त्यावर बंदीच होती. गोळी परतवणारे दांडे, म्हणजे फ्लिपर, १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’त आले, तेव्हा कुठे ‘हा नशिबाचा नव्हे, हाताचा खेळ’ असं म्हणायला आधार मिळाला.

संग्राहक नावांच्या गमतीवरही जीव टाकतात. १९८० मध्ये जपानमध्ये निघालेला ‘पक-मॅन’ हा व्हिडिओ गेम अमेरिकेत ‘पॅक-मॅन’ झाला. इंग्रजी ‘Puck’मधल्या P ची एक रेघ खरवडली तर F होऊन शिवी होईल, ही भीती. म्हणून जुन्या नावाचं जपानी पत्रक दिसलं की डोळे चमकतात. नक्कलही भरपूर होते. भिंगाखाली जुन्या ऑफसेट छपाईचे ठिपके नक्षीसारखे ओळीत दिसतात, घरगुती प्रिंटरचे विस्कटलेले. वितरकाचा शिक्का किंवा पंचची भोकं असली की काहीजण नाक मुरडतात. मला मात्र तसंच पत्रक आवडतं, कारण ते खरोखर धंद्यात फिरलेलं असतं.

असली पत्रकं आमच्या खानदेशात सामान्य माणसाच्या हाती कुठून येणार? आमच्याकडे थेट यंत्रच आलं. आधी स्टेशनवरचा वजनकाटा, मग व्हिडिओ गेमचं पार्लर. जळगावच्या एका रद्दीवाल्याकडे मी जुने छापील कागद विचारले, तर तो हसून अहिराणीत म्हणाला, “कागदच शेतस ना भाऊ!” म्हणजे, कागदच आहेत ना.

भुसावळ स्टेशनच्या वजनकाट्याचं एक जाड तिकीट मात्र माझ्या डब्यात आहे. नाणं टाकलं की दिवे लुकलुकायचे, चकती फिरायची आणि खट्‌कन तिकीट पडायचं. चार आण्याचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातूनच गेलं. तिकिटाच्या एका बाजूला हिरो. मागच्या बाजूला वजन आणि भविष्य, आणि इथे मात्र मागचा मजकूर थेट आपल्यासाठी. माझं वजन एकतीस किलो, भविष्यात परदेशगमन. त्या सुट्टीत मी अमळनेरला मामाकडे गेलो.