बॉयलरला दाखला कुणी द्यायचा?

गळीत हंगाम तोंडावर आला की साखर कारखान्यांच्या पत्रिका निघतात: ‘बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ’. संचालकांपैकी कुणीतरी सपत्नीक पूजेला बसतो, पेपरात फोटो येतो. त्याआधी मात्र एक काम गुपचूप उरकलेलं असतं. थंड केलेला बॉयलर उघडून इन्स्पेक्टरने तो आतून-बाहेरून पाहिलेला असतो आणि अमुक दाबापर्यंत, अमुक तारखेपर्यंत चालवायला हरकत नाही, असा दाखला दिलेला असतो. हा दाखला नसताना बॉयलर चालवणं गुन्हा आहे. ज्या 1923 च्या कायद्यानुसार हे चालत आलं, तो आता गेला. 1 मे 2025 पासून त्याच्या जागी बॉयलर्स कायदा, 2025 लागू झाला. या बदलातला खरा मुद्दा शिक्षा-दंडाचा नाही. तपासणारा माणूस सरकारचा असावा की खासगी, हा आहे, आणि तो वाद बॉयलरइतकाच जुना आहे.

आधी धोका काय ते पाहू. उघड्यावर पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळाशे पट जागा व्यापते. बंद बॉयलरमध्ये दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या बरंच वर तापूनही पाणीच राहतं. पत्रा कुठे फाटला, दाब एकदम उतरला, की त्या पाण्यातल्या मोठ्या भागाची क्षणात वाफ होते. म्हणजे मारक शक्ती वाफेपेक्षा तापलेल्या पाण्यातच जास्त साठलेली असते. 1803 साली लंडनजवळ ग्रिनिच इथे रिचर्ड ट्रेव्हिथिक या ब्रिटिश इंजिनिअरचं वाफेचं एक इंजिन असंच उडालं आणि माणसं मेली. बॉयलरवर नेमलेला पोरगा मासे धरायला गेला होता, असं सांगतात. ट्रेव्हिथिकने त्यानंतर दोन सेफ्टी व्हॉल्व्ह बसवायला सुरुवात केली, त्यातला एक कामगाराचा हात पोचणार नाही असा. शिवाय शिशाचा एक प्लग: पाण्याची पातळी खाली गेली की तो वितळतो आणि वाफ भोकातून आगीवर येते. आपल्या कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह याच युक्तीवर चालतो.

यंत्रात सुधारणा झाली तरी ते वेळच्या वेळी बघणार कोण, हा प्रश्न उरलाच. इंग्लंडने त्याचं उत्तर खासगी दिलं. विल्यम फेअरबेर्नसारख्या इंजिनिअरांच्या पुढाकाराने 1854 साली मँचेस्टरला बॉयलर वापरणाऱ्या गिरणीवाल्यांचीच एक संघटना निघाली. वर्गणी भरायची, संघटनेचा इंजिनिअर येऊन बॉयलर तपासणार. पाठोपाठ विमा कंपन्या आल्या: आम्ही तपासू, तरीही फुटला तर भरपाई देऊ. जर्मनीत 1866 साली मानहाइमच्या कारखानदारांनी असाच संघ काढला. यंत्रं तपासून दाखला देणाऱ्या आजच्या ‘टीयूव्ही’ संस्थांचं मूळ तिथलं. सरकारने आत पाय घालू नये, हा यामागचा विचार. 1882 चा ब्रिटिश कायदासुद्धा स्फोट झाल्यावर चौकशी करण्यापुरताच होता. कारखान्यांतल्या बॉयलरची ठरावीक मुदतीत तपासणी तिथे सक्तीची झाली ती 1901 च्या कायद्याने, तीही चौदा महिन्यांतून एकदा.

हिंदुस्थानात मात्र उलटं घडलं. 1863 साली कलकत्त्यात एक मोठा बॉयलर फुटून कित्येक माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी बंगालने कायदा केला. 1864 च्या या कायद्याने कलकत्ता शहर आणि उपनगरांतल्या बॉयलरची सरकारी तपासणी सुरू झाली. जी सक्ती मायदेशात करायला राज्यकर्ते सदतीस वर्षं कचरले, ती वसाहतीत त्यांनी वर्षभरात केली. याचं श्रेय माणुसकीला देण्याची घाई मी करणार नाही. इथे मँचेस्टरसारखी संघटना नव्हती, आणि दाट वस्तीतला बॉयलर शेजारच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावरही पडू शकत होता.

मुंबईत ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी 1856 साली सुरू झाली आणि मग चिमण्या वाढतच गेल्या. हळूहळू प्रांताप्रांतांनी आपापले बॉयलर कायदे केले, आणि घोळ तिथेच झाला. आजचाच महाराष्ट्र घ्या: मुंबई-पुणे मुंबई इलाख्यात, नागपूर मध्य प्रांतात, मराठवाडा निजामाकडे. एका प्रांतात पास झालेला बॉयलर दुसऱ्या प्रांतात नेला की नियम बदलायचे. हे निस्तरायला 1920 साली बॉयलर कायदा समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून 1923 चा कायदा आला आणि 1 जानेवारी 1924 पासून लागू झाला. तांत्रिक नियम देशभर एकसारखे असावेत म्हणून 1937 साली केंद्रीय बॉयलर मंडळाची सोय झाली. बॉयलरवाले ज्याला नुसतं ‘आयबीआर’ (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) म्हणतात ती नियमावली 1950 ची.

या कायद्याचं मर्म एका साध्या अटीत होतं: तपासणीच्या दिवशी बॉयलर बंद, थंड, उघडा आणि साफ करून ठेवण्याची जबाबदारी मालकाची. साखर कारखान्यात ऑफ सीझनला हे काम चालतं. मॅनहोल उघडून इन्स्पेक्टर ड्रममध्ये उतरतो. ट्यूबमध्ये क्षार किती धरलाय, पत्र्याला खड्डे पडलेत का, वेल्डिंगला केसाएवढी चीर आहे का, हे बॅटरीच्या उजेडात बघतो. जुन्या रिव्हेटच्या बॉयलरवर हातोडी ठोकून आवाजावरून सैल रिव्हेट ओळखत. आता जाडी मोजायला अल्ट्रासोनिक यंत्र आहे. मग हायड्रोलिक टेस्ट. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरायचा, आतली हवा पूर्ण काढायची आणि पंपाने कामाच्या दाबाच्या सव्वा ते दीड पट दाब चढवायचा. थंड पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, त्यामुळे त्यात शक्ती साठत नाही. जोड सुटलाच तर पाणी गळेल, स्फोट होणार नाही. ट्यूबच्या तोंडाशी नुसता घाम फुटल्यासारखा ओलावा दिसला तरी टेस्ट फेल. सीझन सुरू करायची घाई असलेल्या कारखान्यात तेव्हा कुणाचं तोंड बघण्यासारखं नसतं.

यात दिवस जातात आणि इन्स्पेक्टर मोजकेच, तारीख मिळत नाही, ही कारखानदारांची तक्रार जुनी आणि बरीचशी खरी. 2007 च्या दुरुस्तीने म्हणूनच मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था आणि ‘सक्षम व्यक्ती’ यांनाही तपासणीचे अधिकार दिले. 2025 च्या कायद्यात हीच चौकट कायम आहे. सात गुन्ह्यांपैकी जिवावर बेतू शकणारे चार फौजदारी राहिले. बाकीच्यांना आता कोर्टाऐवजी अधिकाऱ्यानेच करायचा आर्थिक दंड आहे. म्हणजे आपण कलकत्त्याहून निघून दीडशे वर्षांनी मँचेस्टरला पोचलो. फरक एवढाच की मँचेस्टरच्या व्यवस्थेत विमा कंपनीचे स्वतःचे पैसे अडकलेले असत, त्यामुळे ढिली तपासणी तिलाच महागात पडे. आपल्याकडे तपासणाऱ्याची फी मालक देतो, आणि स्फोट झालाच तर त्याच्या खिशाला काय झळ लागणार, हे तितकंसं स्पष्ट नाही.

दाखल्याचीही हद्द असते. 1 नोव्हेंबर 2017 ला उत्तर प्रदेशात ऊंचाहारच्या एनटीपीसी वीज केंद्रात 500 मेगावॉटच्या युनिटमध्ये चाळीसहून जास्त माणसं गेली. तिथे भट्टीच्या तळाशी राख साचली होती आणि ती काढायचं काम युनिट चालू ठेवूनच सुरू होतं. बाहेर आलेल्या गरम वायूंनी माणसं होरपळली. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीत असला धोका दिसत नाही. तो त्या पाळीतल्या माणसाने ओळखायचा असतो आणि युनिट बंद करा म्हणायचा अधिकार त्याला असावा लागतो.

डोंबिवली एमआयडीसीत 23 मे 2024 ला स्फोट झाला तेव्हा पहिल्या बातम्या बॉयलर फुटल्याच्याच होत्या. पुढे कळलं की फुटला तो रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनांवर प्रक्रिया करायची टाकी. ती बॉयलर कायद्यात येत नाही. दाबाखाली चालणाऱ्या अशा यंत्रांसाठी 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 31 होतं, आणि ते बघणारं खातं वेगळं: औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. एकाच आवारात, एकाच भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दोन टाक्यांपैकी एक बाष्पके (म्हणजे बॉयलर) संचालनालयाची, तर दुसरी या खात्याची.